ब्रेक कोणी लावला?

रविवारी सकाळी सव्वासातला बाथरूमचं दार आतून बंद होतं आणि बाहेर मास्तर खांद्यावर टॉवेल टाकून उभे होते. आत त्यांचे वडील होते. चौतीस वर्षं बस चालवून ते निवृत्त झाले होते, आणि इतकी वर्षं वेळापत्रकाने छळल्याचा सूड ते आता बाथरूममध्ये उगवत. आत कधी शिरायचं हे त्यांचं मिनिटावर ठरलेलं असे. बाहेर कधी यायचं, याबाबत मात्र ते आता कुणाचे नोकर नव्हते.

"बाबा, माझी साडेसातची बॅच उभी आहे तिकडे!" मास्तर दारावर थाप मारत म्हणाले.

"राहू दे उभी. उभं राहिल्याशिवाय माणसाला बसायची किंमत कळत नाही," आतून उत्तर आलं.

मास्तर गाडी शिकवण्याच्या शाळेत शिक्षक होते. अठरा वर्षं ते शिकणाऱ्याच्या शेजारी बसत आले होते. त्यांच्या सीटपुढे एक जादा ब्रेक होता, आणि शिकणाऱ्याने झाडावर, कुंपणावर किंवा म्हाताऱ्या माणसावर चाल केली की तो दाबायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांच्या उजव्या पायाला एक खोड जडली होती. तोंडाशी आलेला शब्द गिळायचा असला की त्यांचा पाय आपोआप जमीन दाबायचा. आत्ताही बाथरूमबाहेरच्या फरशीवर त्यांनी पाय असा काही रोवला, की खालच्या मजल्यावरच्या दिव्याने हादरून वर बघितलं असेल.

हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या त्यांच्या पत्नी. त्यांना ऑफिसात सगळे मोजणीबाई म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू. वाहतूक खात्यात त्यांचं काम एकच. चौकात स्टुलावर बसायचं आणि मोजायचं. गाड्या नव्हे, गाड्या कुणीही मोजतो. मोजणीबाई मोजत ते खटके. दोन वाहनं एकमेकांच्या वाटेत आली आणि टक्कर टाळायला एकाने ब्रेक दाबला, की झाला एक खटका. हातातल्या यंत्राचं बटण दाबायचं, टिक्, आणि तक्त्यात लिहायचं: वेळ, कुठून कुठे, ब्रेक कोणी लावला. गर्दीच्या वेळी आठवड्यात साठ खटके भरले, की चौकाला सिग्नल मंजूर. एकोणसाठ भरले तर चौकाने आपलं नशीब आपण बघायचं.

आणि प्रत्यक्ष टक्कर झाली तर? ती या तक्त्यात येत नसे. ब्रेक कुणी लावलाच नाही, तर खटका कसला? ती धडक. तिचा फॉर्म निळा, त्याचं टेबल निराळं, आणि त्या टेबलावरचा माणूस बहुधा जेवायला गेलेला.

तर चहाच्या वेळी मास्तरांनी कप खाली ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं, "शाळेजवळ दोन खोल्यांची जागा आहे. मी बघून आलो. मालकाला पुढच्या रविवारी संध्याकाळी साडेआठपर्यंत सांगायचंय. आपण दोघं तिकडे राहायला जाऊ."

"आणि बाबा?" मोजणीबाईंनी विचारलं.

"बाबांना अख्खं बाथरूम मिळेल."

सासरेबुवांनी वर्तमानपत्राची घडी घातली. हा त्यांचा ब्रेक. ते बोलणार असले की वर्तमानपत्र उघडं असे, आणि शब्द गिळला की त्याची चौपदरी घडी होई. पण या वेळी घडी अर्धीच राहिली. "जायचं तर जा. पण कारण नीट सांग. घरात असं होतं तरी काय?"

"काय होतं? रोज दहा वेळा वाजतं आपलं!"

"दहा? आठवड्यातून दोन-चारदा होत असेल. भांड्याला भांडंसुद्धा याहून जास्त लागतं."

"दहा!"

"दोन-चार!"

"अहो, मग मोजून टाकू ना!" मोजणीबाई वैतागून म्हणाल्या.

हे वाक्य तोंडातून निसटलं तेव्हाच त्यांनी जीभ चावायला हवी होती. पण दोघांनीही एकदम त्यांच्याकडे वळून पाहिलं. बापलेकांचं गेल्या कित्येक महिन्यांत एका गोष्टीवर एकमत झालं असेल तर ते यावरच.

"तुझ्याच पद्धतीने मोज," मास्तर म्हणाले. "साठ भरले तर आम्ही जाणार."

"आणि एकोणसाठ भरले तर इथेच राहायचं," सासरेबुवा म्हणाले. "सूनबाई, मोजणीत खाडाखोड नको हं. मी तुला ओळखतो. तू मऊ आहेस."

मोजणीबाई मऊ होत्या हे खरंच. त्यांना जायचं नव्हतं. त्या चौकातून थकून आल्या की "आज किती?" असं विचारणारा जगात एकच माणूस होता, आणि तो वर्तमानपत्राआडून विचारायचा. सकाळी त्यांचा चहाचा थर्मासही तोच भरून ठेवायचा. पण निरीक्षकाने बाजू घ्यायची नसते, आणि मोजणीबाईंना आपल्या कामाचा अभिमान होता. त्यांनी कपाटातून कोरा तक्ता काढला, घराचा नकाशा आखला. स्वयंपाकघर, हॉल, झोपायची खोली आणि बाथरूम ही चार तोंडं ज्या बोळात उघडतात, तिथे त्यांनी लिहिलं: चौक.

गर्दीची वेळ ठरली सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ.

सोमवारी सकाळी सहा एकतीसला सासरेबुवा हॉलकडून बाथरूमकडे निघाले आणि मास्तर झोपायच्या खोलीतून. मास्तर थबकले, पाय फरशीवर रुतला. टिक्. मग पंखा एकाने लावला, दुसऱ्याने बंद केला, पहिला काही बोलणार होता, पण बोलला नाही. टिक्. वर्तमानपत्राचं मधलं पान कुणाकडे, टिक्. चपला आडव्या का काढल्या, टिक्. संध्याकाळी टीव्हीचा आवाज, खिडकी, पुन्हा टीव्ही, आणि अंडं किती मिनिटं उकडायचं यावरून लागोपाठ तीन. दिवसअखेर यंत्रावर आकडा होता एकोणीस.

"बाबा," मास्तर गोड आवाजात म्हणाले, "एकोणीस सत्ते किती होतात हो?"

"एकशे तेहेतीस," सासरेबुवा नाइलाजाने म्हणाले. पाढे चुकणं त्यांना मरणाहून वाईट वाटे.

मंगळवारी दोघांनाही शोध लागला की टिक् ऐकू येतं.

"आत्ता काय केलं मी?" सासरेबुवा हॉलमधून ओरडले.

"तुम्ही बोलता बोलता थांबलात."

"मी खोकलो! खोकला धरायचा नाही!"

"घडी घातलीत ना पेपरची?"

"खोकताना पेपर मिटतोच!"

"मिटत नाही," मास्तर मध्येच म्हणाले. "मी पण खोकतो, माझा पेपर उघडाच असतो."

"तुझ्या हातात पेपर येतोच कधी?"

मास्तरांचा पाय दबला. टिक्.

"हे बघ! हा मोजणीवरून झालेला खटका! हा धरायचा नाही!"

"खटका तो खटका, बाबा. चौकात गाडीवाला 'तुम्ही मोजताय म्हणून मी थांबलो' म्हणाला, तरी तो थांबलाच ना?"

हे म्हणताना मोजणीबाईंना स्वतःलाच धस्स झालं. कारण चौकात त्या दिवशी अगदी हेच झालं होतं. तिथेही मंगळवारीच नवी मोजणी सुरू झाली होती. दुकानं आणि बसथांबा यांच्यामधल्या त्या चौकात म्हातारी माणसं रस्ता ओलांडायला दहा-दहा मिनिटं उभी राहत. तिथे सिग्नल यावा म्हणून अर्ज होते, सह्या होत्या, सगळं होतं. नव्हते ते फक्त साठ खटके. मोजणीबाईंचं केशरी जाकीट दिसलं, की गाडीवाले शाळेच्या सहलीसारखे रांगेत चालत.

"बाई, जाकीट काढा आणि त्या कुंड्यांमागे बसा," साहेब वैतागून म्हणाले होते. चौकाच्या कोपऱ्यावर रोपं विकणाऱ्याचं दुकान होतं. "मोजणारा दिसला की जग शहाणं होतं. आपल्याला शहाणं जग नको, खरं जग हवंय."

बुधवारी घरातही जग शहाणं झालं. टिक् ऐकून ऐकून दोघं यंत्राकडे डोळा ठेवून बोलू लागले. मोजणीबाई हॉलमध्ये आल्या की बापलेक हवामानावर चर्चा करत. आकडा दिवसभरात पाचच सरकला. यात खरं मोजमाप कुठे? म्हणून गुरुवारी मोजणीबाईंनी साहेबांचा सल्ला घरी लागू केला. यंत्र लोकरी मोज्यात घातलं, मोजा एप्रनच्या खिशात, आणि टिक् बंद.

त्यांना वाटलं होतं की आता दोघं मोकळे होतील. झालं भलतंच. टिक् ऐकू येईना, तेव्हा आपण कधी मोजले जातोय हेच दोघांना कळेना, आणि ते सतत सभ्य वागू लागले.

साडेसहाला बोळात दोघं समोरासमोर आले आणि दोघंही थांबले.

"तू जा आधी," सासरेबुवा म्हणाले.

"छे, तुम्ही जा ना बाबा. तुमची वेळ आहे."

"तुझी बॅच उभी असेल."

"राहू दे उभी. उभं राहिल्याशिवाय बसायची किंमत कळत नाही."

दोघंही एकदम निघाले, एकदम थबकले, पुन्हा एकदम निघाले. मोजणीबाई स्वयंपाकघराच्या दारात कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. नियमाने बघितलं तर हा नुसता खटका नव्हता. एकाने ब्रेक लावला की साधा खटका. दोघांनीही लावला, तर त्यापुढे 'गंभीर' असं लिहायचं असतं.

दिवसभर तेच. शेवटचं अंडं दोघांनीही एकमेकांकडे सरकवलं आणि ते बशीत फिरत राहिलं. टीव्हीचा रिमोट टेबलाच्या मधोमध बेवारस पडला होता. संध्याकाळी सासरेबुवांनी नवीनच सुरू केलं. हॉलमधून बोळात वळण्याआधी ते बसमधल्यासारखा उजवा हात बाहेर काढून इशारा देऊ लागले. समोरून येणाऱ्या मास्तरांनीही भारावून जाऊन हात काढला. बोळ अडीच फुटांचा. हात हातात अडकले, आणि दोघांनीही "माफ करा" म्हटलं. उभ्या आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

"सोळा," मोजणीबाईंनी झोपताना आकडा सांगितला. "सगळे गंभीर."

"पण आम्ही भांडलोच नाही!" बाहेरून सासरेबुवांचा आवाज आला. ते ऐकतच असत.

"म्हणून तर, बाबा. एकूण त्रेपन्न."

बाहेर फक्त वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला. साडेआठ वाजून गेले होते म्हणून मोजणीबाईंनी तो धरला नाही.

शुक्रवारी सकाळी सहा वाजताच सासरेबुवा घरातून नाहीसे झाले. थर्मास तेवढा भरून ठेवलेला होता. मास्तर बोळातून आरामात बाथरूममध्ये गेले, आरामात बाहेर आले, पेपर वाचला, मधल्या पानासकट. कुणी अडवलं नाही. तासाभराने ते म्हणाले, "काय शांत आहे ना घर?" आणि लगेच उठून त्यांनी टीव्ही मोठ्याने लावला.

मोजणीबाई पावणेनऊला चौकात पोचल्या, तर बसथांब्याच्या बाकावर सासरेबुवा. बस आली, थांबली, ड्रायव्हरने त्यांना सलाम ठोकला, त्यांनी मान हलवली, बस गेली.

"बाबा, इथे काय करताय?"

"बसलोय."

"किती वाजल्यापासून?"

"साडेसहा. तेरा गाड्या गेल्या. दोन उशिरा." ते समोर बघत म्हणाले, "सूनबाई, रस्त्यावर वाहन कमी, तर खटके कमी. तुमच्या साहेबांना विचार हवं तर. गर्दीची वेळ मी बाहेर काढीन. रविवारपर्यंत जमेल."

"आणि रविवारनंतर?"

"रविवारनंतर तुम्ही इथेच असाल ना. मग बघू."

आपण घरात राहावं म्हणून हा माणूस स्वतः घराबाहेर बसला होता. मोजणीबाईंनी थर्मासमधला चहा त्यांना ओतून दिला आणि कुंड्यांमागे जाऊन बसल्या. त्या सकाळी दोन खटके त्यांच्या नजरेतून सुटले, कारण डोळे पुसताना रस्ता दिसत नाही.

शुक्रवारी घराचा आकडा एक. तोही सासरेबुवा संध्याकाळी आठ एकोणतीसला परत आले म्हणून. शनिवारी तीन. एकूण सत्तावन्न.

शनिवारी संध्याकाळी मोजणीबाईंनी तक्त्याची बेरीज घातली आणि शेवटच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. ब्रेक कोणी लावला. दोघांनी मिळून: सोळा. सासऱ्यांनी: दहा. नवऱ्याने: एकतीस.

"अहो," त्या म्हणाल्या, "घर सोडायचंय तुम्हाला, आणि सगळ्यात जास्त ब्रेक तुम्हीच लावलेत. हे कसं?"

मास्तरांनी तक्ता पाहिला. पाहून खाली ठेवला. "धंद्याची सवय आहे," ते म्हणाले. पण त्यांचा पाय फरशीवर होता.

रविवारी सासरेबुवांना बाहेर जाता येईना, कारण गुडघा धरला होता. बाकावर तीन-तीन तास बसण्याचा तो परिणाम. सकाळी एक खटका झाला, पेपरवरून. संध्याकाळी सातला दुसरा, खिडकीवरून. एकोणसाठ.

त्यानंतर तिघंही जेवणाच्या टेबलाशी बसले आणि कुणी हलेना. मोजणीबाईंचा अंगठा एप्रनच्या खिशात, मोज्यातल्या बटणावर. मास्तरांची नजर घड्याळावर. सासरेबुवांच्या हातात वर्तमानपत्र, उघडं. सूप निवत होतं आणि मीठ कुणी मागत नव्हतं. सव्वाआठला फोन वाजला. जागेचे मालक.

"साडेआठला सांगतो," मास्तर म्हणाले, आणि फोन ठेवला.

आठ सतरा. आठ अठरा. सासरेबुवांनी चमचा खाली ठेवला.

"त्या नव्या जागेला गाडी लावायला सोय आहे का?"

"आहे. मागच्या गल्लीत."

"म्हणजे उलटी काढावी लागणार."

"हो. मग?"

"काही नाही. तुला उलटी..." सासरेबुवा थांबले. वर्तमानपत्राची दोन टोकं एकमेकांकडे निघाली. मोजणीबाईंचा अंगठा ताठ झाला. आता घडी पडणार, साठ होणार, आणि उद्या कपाटं रिकामी करायची.

"मला उलटी काय?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा उजवा पाय उचललेला होता. मोजणीबाई टेबलाखाली पायाकडे बघत होत्या, टेबलावर पेपरकडे बघत होत्या, त्यांची मान नुसती वरखाली होत होती. "मला उलटी काय, बाबा? बोला! आठ दिवस गिळताय. पूर्ण बोला!"

सासरेबुवांनी वर्तमानपत्र टेबलावर आपटलं. उघडंच.

"तुला गाडी उलटी नीट घेता येत नाही!"

पाय खाली आला नाही. मास्तर उठूनच उभे राहिले.

"मला? अठरा वर्षं शिकवतोय मी! नऊशे माणसं पास झाली माझ्या हाताखाली!"

"नऊशे माणसं आज भिंती खरवडत फिरतायत!"

"तुम्ही कधी बघितलंत? सांगा ना! अठरा वर्षांत एकदा तरी माझ्या गाडीत बसलात? माझा जुना शिक्षक बसला, बँकेतला साहेब बसला, खालचा न्हावी बसला! तुम्ही बसस्टॉपवर उभे राहता, पण माझ्या गाडीत बसत नाही! लाज वाटते माझी. बस चालवणाऱ्याचा मुलगा छोटी गाडी चालवतो, म्हणून!"

"अरे, लाज कसली, गाढवा! तुझ्या गाडीत शेजारी ब्रेक आहे!"

"असेल! मग?"

"मग मी कसा बसू? माझ्या पायाखाली ब्रेक, आणि स्टिअरिंगवर तू! चौतीस वर्षं पाय ब्रेकवर ठेवलेला माणूस आहे मी! पहिल्याच वळणावर दाबणार मी तो! आणि तू काय म्हणणार? बाबांचा माझ्यावर विश्वास नाही! म्हणून नाही बसत! रोज सकाळी गॅलरीतून बघतो तुझी गाडी निघताना. रोज! पाय कठड्यावर असतो माझा!"

"मग दाबायचा होता! दाबला असतात तर काय आकाश कोसळलं असतं?"

"मला काय माहीत तू दाबू देशील!"

"मला काय माहीत तुम्ही गॅलरीत असता!"

वरच्या मजल्यावरच्यांनी जमीन ठोकली. कुणी लक्ष दिलं नाही. लहानपणीची सायकल निघाली, तिचा ब्रेक कुणी मोडला ते निघालं, बस थांब्यावर न थांबवता मुलाला शाळेपुढे सोडल्याचं निघालं, आणि त्या दिवशी मुलाने वळून हात केला नव्हता हेही निघालं. दोघंही एकदम बोलत होते, आणि कुणीही कुणासाठी थांबत नव्हतं. सासरेबुवांचा गुडघाही बहुधा विसरला की तो दुखतोय.

घड्याळाचा गजर झाला. साडेआठ.

दोघं धापा टाकत खाली बसले. खोलीत फक्त सूपवरची साय जमल्याचा आवाज यायचा बाकी होता.

"किती?" मास्तरांनी विचारलं.

मोजणीबाईंनी मोजा काढला, मोज्यातून यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. "एकोणसाठ."

"आणि हे? आत्ता झालं ते?"

"यात ब्रेक कोणी लावला?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मी नाही," मास्तर म्हणाले.

"मीही नाही," सासरेबुवा म्हणाले.

"मग हा खटका नाही. ही धडक. धडकेचा फॉर्म निळा असतो, आणि तो माझ्याकडे नसतो." मोजणीबाईंनी तक्त्याखाली सही केली. खाडाखोड झाली नाही.

फोन वाजला. मास्तरांनी उचलला. वडिलांकडे एकदा बघितलं. वडील मन लावून गार सूप ढवळत होते.

"नाही हो, जमणार नाही," मास्तर फोनवर म्हणाले. "जागा चांगलीच आहे. पण आमचे साठ भरले नाहीत."

पलीकडून काहीतरी लांबलचक प्रश्न आला. मास्तरांनी "हो, एकच कमी पडला," एवढं सांगून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, चौकातल्या मोजणीचा शेवटचा दिवस होता. आकडा होता चव्वेचाळीस. सकाळी आणखी तीन पडले आणि सत्तेचाळीसवर यंत्र रुसून बसलं. दहाच्या सुमारास साहेब कुंड्यांमागे येऊन उकिडवे बसले.

"आवरा, बाई. गेला तुमचा सिग्नल. या चौकात लोक भांडतच नाहीत."

"अजून अर्धा तास आहे, साहेब."

तेवढ्यात वळणावरून छतावर शाळेची पाटी असलेली एक पांढरी गाडी आली. चालत्या माणसाच्या वेगाने. चौकाच्या मधोमध तिचे मागचे लाल दिवे लागले आणि ती गचकन थांबली. मागची दुधाची गाडी थांबली. टिक्. पांढरी गाडी हातभर पुढे गेली आणि पुन्हा गचकली. डावीकडून येणारी बस थांबली. टिक्. रिक्षा वळली, टिक्. दोन मोटारसायकली, टिक्, टिक्. पांढऱ्या गाडीच्या दोन्ही काचा खाली होत्या. आत दोन डोकी एकमेकांकडे वळलेली होती आणि चार हात हवेत होते. स्टिअरिंगवर एकही नव्हता. मग डाव्या खिडकीतून एक म्हातारा हात बाहेर आला आणि त्याने मोठ्या ऐटीत इशारा दिला की आता आम्ही उलटे येणार आहोत.

मोजणीबाईंचा अंगठा दुखेपर्यंत दाबत राहिला. चौक मोकळा झाला तेव्हा यंत्रावर एकसष्ट होते.

साहेबांनी यंत्र हातात घेऊन दोनदा बघितलं. "बाई, नियमात बसतंय. पण हे चौदाच्या चौदा त्या एका गाडीमुळे. वरचे विचारतील मला. त्या गाडीत ब्रेक नक्की कोण लावत होतं?"

चौकापलीकडे पांढरी गाडी बसथांब्याला टेकून उभी होती, आणि "मी नाही लावला!", "मग काय मी लावला?" असं इथपर्यंत ऐकू येत होतं. ड्रायव्हर बस थांबवून सलाम करत होता, पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

"तेच ठरवतायत, साहेब," मोजणीबाई थर्मासचं झाकण उघडत म्हणाल्या. "पण सिग्नल लवकर बसवा. आता रोज येतील."